मदतनिधीची रक्कम अडकल्यास ग्राहक सेवेकडे कसे जावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. चोपडा तालुक्यातील एका 9 वर्षांच्या मुलावर नाशिकच्या खाजगी रुग्णालयात उपचार चालू आहेत. त्याच्या काकांनी ऑनलाइन मदतनिधीच्या एका संकेतस्थळावर मोहीम उघडली आणि तीन लाखांच्या आसपास रक्कम जमली. मात्र ती काढण्याचा अर्ज आठवडा उलटून गेला तरी ‘तपासणी चालू’ एवढेच दाखवतो. सुरतच्या काही नातेवाइकांच्या खात्यातून पैसे वळते झाले, पण मोहिमेच्या पानावर ते दिसत नाहीत. फोनवर दर वेळी नवा माणूस बोलतो आणि नवे उत्तर देतो. त्यातच, जास्त टक्केवारी दिल्यास मोहिमेची जाहिरात करू, असेही फोन येत आहेत. अशा वेळी काय करावे?

या एका प्रश्नात चार अडचणी आहेत. रक्कम अडकणे, दात्यांचे पैसे न दिसणे, ग्राहक सेवेची विसंगत उत्तरे आणि जाहिरातीचा आग्रह या चारही गोष्टींची सोडवणूक वेगवेगळ्या ठिकाणी होते. त्या एकाच तक्रारीत गुंफल्या की चारही मागे पडतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील कुटुंबांना अशा मोहिमा उघडून देण्याचे आणि अडकलेल्या मोहिमा मार्गी लावण्याचे काम मी अनेक वर्षे करत आलो आहे. त्या अनुभवावरून एक गोष्ट ठामपणे सांगतो. ग्राहक सेवेत फोन उचलणाऱ्या माणसाच्या हाती निर्णय नसतो. त्याच्यासमोर आपली फाइल उघडलेली असते आणि त्या फाइलमध्ये जे आहे तेवढेच तो वाचून दाखवतो. म्हणून त्याच्याशी कितीही वेळ बोलले तरी फाइल बदलत नाही, आणि फाइल बदलल्याखेरीज रक्कम सुटत नाही.

प्रथम पैशाचा प्रवास समजून घ्यावा. दात्याने यूपीआयने किंवा कार्डाने भरलेली रक्कम मोहीम उघडणाऱ्याच्या खात्यात थेट येत नाही. ती पेमेंट गेटवेमार्फत (ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेमार्फत) संकेतस्थळ चालवणाऱ्या संस्थेच्या ताब्यातील खात्यात जाते, आणि रुग्ण, रुग्णालय व खातेदार यांची खातरजमा झाल्यावरच पुढे पाठवली जाते. ही खातरजमा जाचक वाटते, परंतु दुसऱ्याच्या मुलाचा फोटो लावून पैसे गोळा करणारे लोकही असतात, हे लक्षात घेतले तर तिची गरज पटते. अडचण खातरजमेची नसते. तपासणाऱ्याला नेमके काय खटकले आहे हे कुटुंबाला लेखी कळत नाही, तिथे खरी अडचण होते.

आपल्या बाबतीत काय खटकले असावे याचा अंदाज बांधता येतो. मोहीम काकांनी उघडली, लाभार्थी पुतण्या आहे, आणि बँक खाते बहुधा वडिलांचे किंवा आईचे दिले असेल. या तिघांचे नाते कागदावर सिद्ध व्हावे लागते. मुलाचा जन्मदाखला किंवा आधार, आई-वडिलांचे आधार व पॅन, काकांचे ओळखपत्र आणि ‘ही मोहीम माझ्या संमतीने माझ्या दिराने (किंवा भावाने) उघडली आहे’ अशा अर्थाचे आईचे किंवा वडिलांचे सहीचे पत्र असा संच पूर्ण असेल तर नात्याचा प्रश्न मिटतो. आपल्याकडे नावांचा घोळ मात्र हमखास आढळतो. आधारवर वडिलांचे नाव पूर्ण असते, पासबुकावर केवळ आद्याक्षर असते; आईचे खाते लग्नाआधीच्या नावाने माहेरच्या गावच्या शाखेत असते; रुग्णालयाच्या केस पेपरवर मुलाचे घरातले लाडके नाव पडलेले असते. अशी दोन नावे एकाच व्यक्तीची आहेत हे ओळखीच्या माणसाला सहज कळते, पण तपासणी करणारा ते गृहीत धरत नाही. केस पेपरवरील नाव रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर अर्ज देऊन आधारप्रमाणे दुरुस्त करून घ्यावे, आणि बाकीच्या फरकांसाठी प्रतिज्ञापत्र करून तेही जोडावे.

यानंतर खाते तपासावे. रक्कम मंजूर होऊनही बँकेतून परत गेल्याची प्रकरणे मी पुष्कळ पाहिली आहेत आणि त्यांची कारणे ठरावीक असतात. पूर्ण केवायसी (ओळख व पत्त्याची पडताळणी) न करता उघडलेल्या ‘लघु’ खात्यावर रिझर्व्ह बँकेच्या मर्यादा असतात: वर्षभरात एकूण जमा 1 लाख रुपयांपर्यंत, कोणत्याही वेळी शिल्लक 50,000 रुपयांपर्यंत आणि महिन्याला काढता येणारी रक्कम 10,000 रुपयांपर्यंत. अशा खात्यात तीन लाख येऊच शकत नाहीत. दोन वर्षे व्यवहार नसलेले खाते निष्क्रिय धरले जाते, आणि ते पुन्हा चालू करण्यासाठी केवायसी नव्याने द्यावी लागते. तिसरे कारण जुन्या आयएफएससीचे, म्हणजे बँक शाखेच्या कोडचे. देना बँक 1 एप्रिल 2019 रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाली, 2020 मध्ये आणखी अनेक सरकारी बँका एकत्र आल्या, परंतु घरातील पासबुक आणि चेकबुक जुनेच असते व त्यावरचा कोड पाहून अर्ज भरला जातो. म्हणून शाखेत जाऊन पासबुक नव्याने छापून घ्यावे, खाते पूर्ण केवायसीचे व चालू आहे ना हे विचारावे आणि नव्या कोडचा रद्द केलेला चेक अर्जाला जोडावा. गावाहून चोपड्याला किंवा अडावदला एक खेप करण्याने ग्राहक सेवेचे अनेक फोन वाचतात.

माझे स्पष्ट मत असे की, शक्य असेल तेथे रक्कम थेट रुग्णालयाच्या खात्यातच जाऊ द्यावी. यासाठी रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक, ज्याला सर्व जण एस्टिमेट म्हणतात, लेटरहेडवर, शिक्क्यासह, डॉक्टरांच्या सहीने आणि रुग्णाच्या नोंदणी क्रमांकासह हवे. सोबत रुग्णालयाच्या खात्याचा तपशील हवा. अशा मागणीची तपासणी लवकर उरकते, कारण संशयाला जागा उरत नाही. दुसरे कारण कराचे आहे. नातेवाईक नसलेल्या लोकांकडून वर्षभरात 50,000 रुपयांहून जास्त रक्कम विनामोबदला मिळाल्यास ती उत्पन्नात धरण्याची तरतूद प्राप्तिकर कायद्यात आहे. त्यामुळे व्यक्तिगत खात्यात मोठी रक्कम घेण्याआधी चार्टर्ड अकाउंटंटला जरूर विचारावे. अर्थात बाहेरून आणलेली औषधे, नाशिकला राहण्याचा खर्च, वारंवारचा प्रवास हे खर्च रुग्णालयाच्या बिलात येत नाहीत. त्यासाठी मागणीचे दोन भाग करावेत: मोठा भाग रुग्णालयाला आणि लहान भाग, झालेल्या खर्चाच्या पावत्या जोडून, पालकांच्या खात्यात. संपूर्ण रक्कम एकदम मागण्याऐवजी अशी विभागून मागणी केल्यास निदान रुग्णालयाचे बिल थांबत नाही.

आता पत्रव्यवहाराविषयी. फोन करण्यास हरकत नाही, पण फोन संपताच त्यात झालेले बोलणे ईमेलने कळवावे आणि तक्रार क्रमांक घ्यावा. प्रत्येक वेळी नवा ईमेल पाठवू नये. पहिल्याच ईमेलला उत्तर म्हणून पुढचे लिहावे, म्हणजे नव्याने फाइल उघडणाऱ्याला सर्व इतिहास एका ठिकाणी दिसतो. व्हॉट्सअॅपवर एकीकडे, चॅटवर दुसरीकडे आणि समाजमाध्यमांवर तिसरीकडे तक्रार टाकली तर तीन क्रमांक तयार होतात आणि तिन्ही हाताळणारे एकमेकांची वाट पाहत बसतात. मजकूर भावनेने ओथंबलेला नसावा. मुलाची अवस्था मोहिमेच्या पानावर आहेच. तक्रारीत ती पुन्हा सांगितली की विचारलेला प्रश्न तिच्याखाली दबून जातो.

मी सहसा पुढील धर्तीचा मजकूर लिहून देतो: ‘मोहिमेचा क्रमांक व दुवा सोबत दिला आहे. अमुक तारखेस अमुक रकमेच्या वितरणाचा अर्ज केला. सोबत एस्टिमेट, रुग्णालयाच्या खात्याचा तपशील, आई-वडिलांचे आधार व पॅन, मुलाचा जन्मदाखला आणि संमतिपत्र जोडले आहे. यांपैकी कोणता कागद अपुरा किंवा अमान्य आहे आणि तो कोणत्या स्वरूपात हवा, हे कृपया लेखी कळवावे. सर्व कागद मान्य असल्यास वितरणाची तारीख कळवावी. रुग्णालयाने अमुक तारखेपर्यंत अमुक रक्कम भरण्यास सांगितले असून त्याचे पत्र जोडले आहे.’ एवढे पुरे. ‘पैसे कधी मिळतील’ या प्रश्नाला ‘लवकरच’ हे उत्तर देता येते. ‘कोणता कागद अपुरा आहे’ या प्रश्नाला तसे उत्तर देता येत नाही. मराठीत लिहिण्यास संकोच करू नये, परंतु तपासणी करणारा विभाग बेंगळुरूला किंवा दिल्लीला असू शकतो, म्हणून तोच मजकूर खाली हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावा. जोडपत्रांच्या फाइलींना नावे द्यावीत. मोबाइलने काढलेला अंधुक, तिरपा फोटो हे कागद नाकारले जाण्याचे सर्वांत क्षुल्लक आणि सर्वांत नेहमीचे कारण आहे. गावातल्या सेतू केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात स्कॅन करून पीडीएफ करून घ्यावी.

या ईमेलनंतरही दोन-तीन कामकाजाच्या दिवसांत नेमके उत्तर आले नाही, तर ग्राहक सेवेवर थांबू नये. माहिती तंत्रज्ञान नियम, 2021 नुसार अशा संकेतस्थळांसारख्या मध्यस्थ संस्थांना तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव व संपर्क संकेतस्थळावर द्यावा लागतो, तक्रारीची पोच 24 तासांत द्यावी लागते आणि ठरलेल्या मुदतीत निवारण करावे लागते. हे नाव बहुतेक वेळा पानाच्या अगदी तळाशी, अटी व शर्तींमध्ये असते. त्या अधिकाऱ्याला जुन्या तक्रार क्रमांकासह तोच ईमेल पुढे पाठवावा. सेवेतील त्रुटीबद्दल राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. रागाच्या भरात समाजमाध्यमांवर संस्थेविरुद्ध लिहिण्याची घाई मात्र करू नये, कारण ते वाचून आपलेच दाते मोहिमेविषयी साशंक होतात आणि परतावा मागू लागतात.

सुरतच्या नातेवाइकांचे पैसे हा वेगळा विषय आहे, आणि त्याची तक्रार आपण नव्हे, तर ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्यानेच करायची असते. खानदेशातील कितीतरी घरांतील माणसे सुरतच्या उधना-लिंबायत भागात कामाला आहेत, आणि पगाराच्या दिवशी एकाच वेळी अनेकांनी पैसे पाठवले की काही व्यवहार मध्येच अडकतात. प्रत्येकाने आपल्या यूपीआय अॅपमध्ये त्या व्यवहाराचा 12 अंकी यूटीआर क्रमांक, म्हणजे व्यवहाराची ओळख पटवणारा क्रमांक, पाहावा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार, यूपीआयने व्यापाऱ्याला किंवा संस्थेला केलेल्या व्यवहारात खात्यातून रक्कम गेली पण समोर पुष्टी झाली नाही, तर ती व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत आपोआप परत यावी लागते. त्यापुढील प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई देय होते. म्हणून पाच दिवस थांबावे, त्या काळात तीच रक्कम दुसऱ्यांदा पाठवू नये, आणि नंतर अॅपमध्ये व आपल्या बँकेत तक्रार करावी. बँकेने 30 दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. व्यवहार यशस्वी दाखवत असूनही मोहिमेच्या पानावर दिसत नसेल, तर मात्र यूटीआर, तारीख आणि रक्कम यांची यादी करून आपण संस्थेला पाठवावी. पुष्कळदा दात्याने नाव गुप्त ठेवण्याचा पर्याय नकळत निवडलेला असतो आणि रक्कम ‘अनामिक’ म्हणून जमा झालेली असते. यादी पाठवण्याआधी तेवढे पाहून घ्यावे.

जाहिरातीच्या प्रस्तावाविषयी आकडे मांडून बोलणे बरे. सर्वसाधारण मोहिमेत पेमेंट गेटवेचे शुल्क साधारण 2 ते 3 टक्के आणि त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी जातो. अडीच टक्के धरले तर 3,00,000 रुपयांवर 7,500 रुपये शुल्क आणि 1,350 रुपये जीएसटी, म्हणजे 8,850 रुपये वजा होऊन 2,91,150 रुपये हाती येतात. जाहिरात व साहाय्यासाठी 10 टक्के कबूल केले, तर आणखी 30,000 रुपये व त्यावरील 5,400 रुपये जीएसटी जाऊन 2,55,750 रुपयेच उरतात. ही टक्केवारी केवळ जाहिरातीतून आलेल्या रकमेवर आहे, की सुरतच्या आणि गावच्या माणसांनी आपल्या ओळखीने दिलेल्या रकमेवरही आहे, हा यातील कळीचा प्रश्न आहे. तो ईमेलने विचारावा आणि लेखी उत्तर आल्याखेरीज होकार देऊ नये. मोठी शस्त्रक्रिया असेल, 15-20 लाखांचे लक्ष्य असेल आणि ओळखीचे वर्तुळ संपले असेल, तर जाहिरात उपयोगी ठरते, हेही खरे आहे. आपल्या मोहिमेत बहुतांश रक्कम नात्यागोत्यातून आली असेल तर तिचा लाभ थोडा आणि कपात मोठी होईल. काही संस्था शुल्क न घेता दात्याकडून ऐच्छिक ‘टिप’ मागतात. ती आधीच भरलेली दिसते आणि ती शून्य करता येते, हे आपल्या दात्यांना अवश्य सांगावे, म्हणजे 500 रुपये द्यायला निघालेल्या मजुराच्या खात्यातून जास्तीचे पैसे कापले जाणार नाहीत.

असे फोन खरोखर त्या संस्थेकडूनच येतात का, याचीही खात्री करावी. मोहिमेच्या पानावरून कुटुंबाचा क्रमांक मिळवून ‘रक्कम सोडण्यासाठी प्रक्रिया शुल्क भरा’ असे सांगणारे लोक फिरत असतात. इंटरनेटवर शोधून मिळालेला ग्राहक सेवेचा क्रमांक वापरू नये; संस्थेच्या संकेतस्थळावरून किंवा अॅपमधूनच तो घ्यावा. पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही, मोबाइलचा पडदा दुसऱ्याला दाखवणारे अॅप घ्यावे लागत नाही आणि ओटीपी सांगावा लागत नाही. फसवणूक झाल्याचे लक्षात येताच विलंब न लावता 1930 या क्रमांकावर कळवावे. मुलाचा फोटो तोच ठेवून त्यावर दुसराच क्यूआर कोड चिकटवलेले संदेश फिरताना आढळले, तर तेही तिथेच आणि संस्थेलाही कळवावे.

याच संदर्भात, गावातील व्हॉट्सअॅप गटांवर मोहिमेच्या दुव्याबरोबर काकांचा वैयक्तिक क्यूआर कोड फिरत असेल तर तो थांबवावा. दोन ठिकाणी पैसे घेतले जात आहेत अशी एखाद्या दात्याने तक्रार केली, की तपासणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. बाजारच्या दिवशी रोख देणारे, ऑनलाइन न जमणारे लोक असतात, त्यांना नाही म्हणू नये. पण त्या रकमेची वही ठेवावी, आणि ‘गावातून रोख इतके रुपये जमले’ असे मोहिमेच्या पानावर लिहावे. पानावर दर आठवड्याला दोन ओळींची माहिती टाकली की दात्यांचे फोन आणि शंका आपोआप कमी होतात. आईने अहिराणीत चार वाक्ये बोललेली ध्वनिचित्रफीत असेल तर ती तशीच ठेवावी आणि खाली मराठीत मजकूर द्यावा. आपल्या माणसांना तो आवाज ओळखीचा वाटतो, आणि कुणी लिहून दिलेल्या पाठ केलेल्या हिंदीपेक्षा तो कितीतरी खरा असतो.

दात्यांपैकी कुणी करसवलतीची पावती मागितल्यास खरे तेच सांगावे. 80जी म्हणून ओळखली जाणारी सवलत नोंदणीकृत धर्मादाय संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते, व्यक्तीच्या मोहिमेवर मिळत नाही.

मोहिमेच्या बरोबरीने एक गोष्ट आजच तपासावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सर्व नागरिकांना लागू करण्याचा आणि उपचारखर्चाचे संरक्षण कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत नेण्याचा निर्णय शासनाने 2023 मध्ये घेतला आहे. मुलाचा आजार व रुग्णालय त्या यादीत आहे का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तेथील प्रतिनिधीला, विचारावे. रुग्णालय धर्मादाय न्यासाचे असेल तर 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखण्याचे बंधन त्याच्यावर आहे. उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला आणि शिधापत्रिका घेऊन तेथील समाजसेवा अधिकाऱ्याला भेटावे. यातून बिल कमी झाले तर सुधारित एस्टिमेट संस्थेला स्वतःहून पाठवावे आणि लक्ष्य कमी करावे. असा बदल लपवला आणि नंतर उघड झाला, तर रक्कम पुन्हा अडकते.

रक्कम रुग्णालयाला पोहोचल्यावर संस्थेकडून आलेला यूटीआर बिलिंग विभागात द्यावा आणि ती मुलाच्या नोंदणी क्रमांकावर जमा झाल्याची पावती घ्यावी. रुग्णालयाच्या खात्यात आलेली रक्कम कुणाची हे न कळल्याने ती अनेक दिवस तशीच पडून राहिल्याचे मी पाहिले आहे. उपचार संपल्यावर डिस्चार्ज कार्ड आणि अंतिम बिल पानावर जोडून मोहीम बंद करण्यास सांगावे, नाहीतर जुना दुवा फिरत राहतो आणि पैसे येत राहतात. रक्कम उरली, किंवा दुर्दैवाने उपचार मध्येच थांबले, तर त्याच दिवशी संस्थेला कळवावे. रुग्णालयाचे राहिलेले देणे फेडणे, दात्यांना परतावा देणे किंवा त्यांच्या संमतीने दुसऱ्या रुग्णाकडे रक्कम वळवणे यांपैकी काय शक्य आहे हे संस्थेच्या अटींमध्ये दिलेले असते, आणि तो निर्णयही ईमेलवर लेखी घ्यावा.